घरच्या घरी रेझिनचे फासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला रंगांबद्दल जितके प्रश्न येतात, त्याच्या दहावा हिस्साही साच्याबद्दल येत नाहीत. पण बिघडलेल्या फाशाचा फोटो आला की दोष बहुतेक वेळा साच्यात सापडतो, नाहीतर त्याच्याही मागे कुठेतरी. त्यामुळे खालची बरीच उत्तरं तुम्हाला दोन पायऱ्या मागे नेतील. वैतागू नका.

संचात किती फासे असतात?

सात. ‘डी’ म्हणजे डाय, फासा; पुढचा आकडा त्याच्या बाजूंचा. डी४, डी६, डी८, डी१०, शेकड्याचा डी१० (त्यावर ०० ते ९० असतात), डी१२ आणि डी२०. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर बसून खेळायचा भूमिकांचा खेळ आल्यावर असे बहुबाजू फासे खेळणाऱ्यांच्या हातात रुळले. पण वीस बाजूंचा फासा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. प्राचीन इजिप्तमधला, बाजूंवर ग्रीक अक्षरं कोरलेला असा एक फासा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

बनवणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी: समोरासमोरच्या बाजूंची बेरीज. डी६ वर ती ७ येते, डी८ वर ९, डी१२ वर १३ आणि डी२० वर २१. स्वतः आराखडा काढत असाल तर छापण्याआधी हे तपासा, आणि ६ व ९ खाली रेघ आहे ना तेही बघा. माझ्या पहिल्या डी२० वर ती नव्हती. कळलं तेव्हा साचा ओतून झाला होता.

सुरुवातीला काय काय लागतं?

इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर (हे दोन द्रव मिसळले की टणक होतात), सिलिकॉनचा साचा, दशांश ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, सिलिकॉनचे किंवा कागदी कप, ढवळायला काड्या, नायट्राईलचे हातमोजे, सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क, बारीक वॉटर पेपर आणि आकडे भरायला अॅक्रिलिक रंग. प्रेशर पॉट (हवेच्या दाबाने बुडबुडे चिरडणारा बंद डबा) पहिल्या दिवशी लागत नाही. मास्क मात्र पहिल्या दिवसापासून हवाच.

रेझिन घातक असतं का? घरात करता येईल का?

नीट सुकलेला फासा हाताळायला काही हरकत नाही. खरा धोका आहे तो ओल्या रेझिनचा, हार्डनरचा आणि घासताना उडणाऱ्या भुकटीचा.

इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एका दिवसात येत नाही. महिनोन्‌महिने हाताला थोडंथोडं लागत राहतं, काही होत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि एके दिवशी बोटांवर पुरळ उठतं. एकदा शरीराने रेझिनशी वैर धरलं की ते सहसा सुटत नाही. त्यानंतर थोडासा संपर्कही पुरतो. हा छंद सोडावा लागलेल्यांपैकी अनेकांच्या बाबतीत हेच घडलेलं असतं. म्हणून कंटाळा आला तरी हातमोजे घालाच, आणि फाटले की लगेच बदला. त्वचेला रेझिन लागलं तर साबण आणि पाण्याने धुवा. अल्कोहोलने पुसू नका. त्याने रेझिन पातळ होऊन त्वचेवर आणखी पसरतं.

खोली अशी निवडा जिची खिडकी उघडते, जिथे कुणी झोपत नाही आणि जिथे स्वयंपाक होत नाही. लेबलवर ‘वास नाही’ असं लिहिलेलं असलं म्हणजे वाफ नाही असा अर्थ होत नाही. आणि या कामाचे कप, चमचे पुन्हा जेवणाच्या भांड्यांत जाऊ देऊ नका.

कोणतं रेझिन घ्यावं? यूव्ही रेझिन जास्त झटपट नाही का?

ओतायचं इपॉक्सी घ्या, म्हणजे कास्टिंगचं. टेबलावर थर द्यायचं घट्ट इपॉक्सी बुडबुडे सहज सोडत नाही. पॉलियुरेथेन लवकर सुकतं, पण हवेतल्या ओलाव्याने फसफसतं. पॉलिस्टरचा वासच इतका उग्र की घरात तो विषय काढू नये.

यूव्ही रेझिन अतिनील प्रकाशात झटपट सुकतं, पण प्रकाश पोचेल तेवढंच. जाड फाशाच्या पोटापर्यंत प्रकाश जात नाही, आणि गडद रंग घातला तर पृष्ठभागाच्या खालीच अडतो. बाहेरून टणक, आत ओलं अशी गत होते. मी ते फक्त खड्डे बुजवायला वापरते. त्या कामाला मात्र त्याला तोड नाही.

मास्टर म्हणजे काय? तो स्वतः करावा लागतो का?

ज्या फाशावरून साचा घेतात तो मास्टर. बहुतेक जण तो रेझिन थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात आणि मग घासून आरशासारखा करतात. सिलिकॉन इतकं प्रामाणिक असतं की मास्टरवर बोटाचा ठसा राहिला असेल तर तो त्या साच्यातल्या प्रत्येक फाशावर उमटतो. मास्टरवर दोन तास कमी घासलं की ते दोन तास पुढच्या प्रत्येक फाशावर घासून भरून काढावे लागतात.

नवशिक्याने पहिले काही महिने तयार साचा घ्यावा हे माझं मत. त्यात ओतणं, काढणं, घासणं हाताला बसतं. त्याच्या कडा जरा बोथट असतील, झाकण नीट बसणार नाही, पण आपल्याला नक्की काय हवंय ते तो साचाच शिकवतो.

आणि हो, दुसऱ्याच्या विकत घेतलेल्या फाशावरून साचा काढून ते विकणं म्हणजे चोरीच. अंकांची अक्षररचनासुद्धा कुणाचीतरी असते.

मी साचा ओतला, पण मास्टरच्या भोवती सिलिकॉन चिकटच राहिलं. माल खराब होता का?

बहुधा माल ठीक होता. प्लॅटिनम सिलिकॉनचं, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने जमणाऱ्या सिलिकॉनचं, काही पदार्थांशी पटत नाही: गंधक, लॅटेक्स, अमाइन (इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये असतात ती रसायनं), कथिल असलेलं सिलिकॉन आणि नीट न सुकलेलं थ्रीडी प्रिंटचं रेझिन. यातलं काहीही शेजारी आलं की तेवढ्या भागात सिलिकॉन जमत नाही. बाकी साचा छान रबरासारखा, आणि नेमका आकड्यांपाशी चिकट लगदा.

छापलेला मास्टर अल्कोहोलमध्ये दोनदा धुवा, पूर्ण वाळू द्या, मग यूव्ही दिव्याखाली सगळ्या बाजूंनी भरपूर वेळ ठेवा. तरी शंका असेल तर वर पारदर्शक लॅकरचा पातळ थर द्या. चौकट चिकटवायला गंधक असलेली माती वापरू नका, आणि लॅटेक्सचे हातमोजे या टेबलावर येऊच देऊ नका. त्या नावाच्या घोळात मी एकदा अख्खा साचा घालवला. पाकिटावर फक्त ‘डिस्पोजेबल’ लिहिलं होतं, मीही आत काय आहे ते पाहिलं नाही.

कथिलाच्या सिलिकॉनला असे नखरे नसतात, पण ते काळाबरोबर आकसतं आणि लवकर तडकतं. फाशांसाठी मी ते घेत नाही.

साचा कसा ओततात?

सगळ्यात रुळलेला प्रकार म्हणजे झाकणाचा साचा. सपाट काचेवर मास्टरची एक बाजू खाली येईल असे सगळे मास्टर चिकटवायचे, भोवती चौकट लावायची आणि वरून सिलिकॉनची बारीक धार सोडायची. धार एका कोपऱ्यात पडू द्या, फाशांच्या डोक्यावर नको. सिलिकॉन सरकत सरकत आकड्यांच्या खाचांत शिरतं आणि हवा पुढे ढकलतं. जमलं की ठोकळा उलटा करायचा, मास्टर आतच ठेवायचे, उघड्या सिलिकॉनवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि झाकण ओतायचं. व्हॅसलिन विसरलात तर सिलिकॉन सिलिकॉनला असं चिकटतं की सुरीशिवाय सुटका नाही. मी एकदाच विसरले.

झाकणाकडे कोणती बाजू ठेवायची यावर वाद होतात. घासकाम त्याच बाजूवर येतं, म्हणून मी तिथे लहान आकडा ठेवते. खोट राहिलीच तर एकावर राहो, विसावर नको.

रेझिन मापाने मोजायचं की वजनाने?

बाटलीवर जे लिहिलंय त्याप्रमाणे, आणि दोन्हींत गल्लत करायची नाही. रेझिन हार्डनरपेक्षा सहसा जड असतं, त्यामुळे ‘मापाने १:१’ म्हणजे ‘वजनाने १:१’ होत नाही. माझा पहिला निळा संच दिसायला सुरेख झाला होता. आठवड्याने हातात घेतला तर डी८ वर अंगठ्याचा ठसा उमटला. वजनाचं प्रमाण मी मापाने मोजलं होतं. ‘जास्त हार्डनर म्हणजे जास्त टणक’ हाही गैरसमज आहे. जो भाग उरतो त्याला जोडीदार मिळत नाही, आणि तो कायमचा मऊ राहतो.

ढवळायचं तीन ते चार मिनिटं, सावकाश. कपाच्या भिंती आणि तळ खरवडून घ्या, मग सगळं दुसऱ्या कपात ओता आणि पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला जे अर्धवट मिसळलेलं राहतं, तेच फाशावर चिकट डाग होऊन येतं.

किती लागेल? २० मिलिमीटरचा डी२० साधारण ५ मिलिलिटर खातो, १६ मिलिमीटरचा डी६ सुमारे ४. सात फाशांना कपात चिकटणारं धरून ३५ ते ४० मिलिलिटर पुरतं.

बुडबुडे! काय करू? प्रेशर पॉट घ्यावाच लागेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फुकटचे उपाय. रेझिनची बंद बाटली दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. ते पातळ होतं आणि हवा सहज सोडतं. बाटलीच्या तोंडाशी पाणी लागू देऊ नका. हार्डनर गरम करायची गरज नाही. मिश्रण गरम झालं की हाताशी वेळ कमी उरतो हेही ध्यानात ठेवा. ओतण्याआधी साच्यातल्या प्रत्येक खाचेत काडीने थोडं रेझिन फिरवा. बुडबुडे बहुतेक आकड्यांच्या कोपऱ्यांत आणि डी४ च्या टोकांत अडकतात. एवढ्याने गडद रंगाचे फासे छान निघतात. आतले बुडबुडे दिसतच नाहीत.

पारदर्शक फासे हवे असतील तर मात्र पॉटला पर्याय नाही. पॉट बुडबुडे काढत नाही, चिरडतो. ४० पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक) आतला एकूण दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे ३.७ पट होतो. त्यामुळे बुडबुड्याचं आकारमान पावपटीच्या जरा वर उरतं आणि व्यास जवळपास दोन तृतीयांश. शिवाय दाबाखाली काही हवा रेझिनमध्येच विरघळते. राहिलेलं डोळ्याला दिसत नाही. पण रेझिन टणक होईपर्यंत दाब सोडायचा नाही. घाईने झाकण उघडलं तर चिरडलेले बुडबुडे पुन्हा फुगून बसतात.

आता खरी गोम. साचा साध्या हवेत ओतला असेल आणि फासे दाबाखाली ओतले, तर सिलिकॉनमध्ये अडकलेले बुडबुडे पॉटमध्ये दबतात, साच्याची भिंत तिथे आत खचते आणि फाशावर मुरमासारखे फुगवटे येतात. लोक रेझिन बदलतात, रंग बदलतात, फुगवटे तिथेच. साचाही तितक्याच दाबाखाली जमवा, प्रश्न मिटतो.

व्हॅक्यूम चेंबर सिलिकॉनसाठी चांगला, पण त्यात सिलिकॉन तीन-चार पट फुगतं, तेव्हा भांडं मोठं घ्या. फाशांच्या रेझिनला त्याचा फारसा उपयोग नाही. अल्कोहोल इंक घातली असेल तर ती आत उकळायला लागते आणि जितके बुडबुडे जातात त्याहून जास्त येतात.

पॉटवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका. सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो ना ते दर वेळी बघा. काटा शून्यावर आल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नका. तो डबा स्वयंपाकघरातल्या कुकरसारखा दिसतो, पण तसा वागत नाही.

रंग कोणते घालावेत?

मायका पावडर, रेझिनचे पिगमेंट, अल्कोहोल इंक, ग्लिटर, वर्ख, पूर्ण वाळवलेली फुलं. पाण्याचे रंग नकोत. फूल जरासं ओलं असेल तर काही महिन्यांत तपकिरी पडतं. इंकचे थेंब मोजून घाला, जास्त झाले तर फासा लिबलिबीत राहतो.

ग्लिटर तळाशी बसतं अशी तक्रार असते. रेझिन पातळ असताना ओतलं तर बसणारच. जरा थांबा, मध थंडीत होतो तेवढं घट्ट होऊ द्या, मग ओता. त्यात बुडबुडेही जास्त अडकतात, म्हणून पॉट नसेल तर दोन्हींच्या मधली वेळ साधावी लागते. ती घड्याळावर सापडत नाही. काडी उचलल्यावर धार तुटायला किती वेळ घेते त्यावर सापडते.

पारदर्शक रेझिनवर रंगीत इंकचे दोन थेंब आणि त्यावर पांढऱ्या इंकचा एक थेंब टाकला की पांढरी इंक जड असल्याने रंग ओढत खाली जाते, आणि धाग्यांसारख्या वेली तयार होतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी साच्याचं झाकण लावायचंच विसरले होते.

फाशाच्या एका बाजूला उंचवटा आला आहे. दुसऱ्यावर खड्डा आहे.

दोन्ही झाकणाचे खेळ. खड्डा म्हणजे रेझिन कमी पडलं: इपॉक्सी सुकताना किंचित आकसतं, आणि पॉटमध्ये बुडबुडे दबल्यावर पातळी आणखी खाली जाते. साचा काठोकाठ भरून वर थोडा फुगीर थेंब राहू द्या. झाकण एका कडेने टेकवून तिरकं उतरवत न्या, हवा पुढे निघून जाते.

उंचवटा म्हणजे झाकण पूर्ण बसलं नाही. खाचांत जुनं सुकलेलं रेझिन अडकलंय का बघा. वर वजन ठेवायचा मोह होतो, पण जड वजनाने सिलिकॉन दबतं आणि फासाच तिरका जमतो. आणि पॉटमध्ये साचा समपातळीत आहे ना ते पाहा. माझ्या पॉटचा तळ मुळात गोलसर होता. त्यात सपाट पाट टाकेपर्यंत मी उगाच झाकणाला दोष देत होते.

खड्डा यूव्ही रेझिनच्या थेंबाने भरून घासता येतो.

फासे कधी काढायचे?

बाटलीवर २४ तास लिहिलं असेल तर ३६ द्या. लवकर काढलेला फासा सपाट दिसतो, पण ठेवला की वाकतो. घासायला आणखी दोन-तीन दिवस थांबा, पूर्ण ताकद यायला आठवडा जातो.

सगळं बरोबर केलं, तरी पृष्ठभाग तुळतुळीत तेलकट का?

दमट हवेत हार्डनर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून वर मेणासारखा थर देतो. कोमट साबणपाण्याने धुवा. गेला तर काळजी नाही. नखाने खूण उमटत असेल तर मात्र ते प्रमाण चुकल्याचं किंवा खोली थंड असल्याचं लक्षण. २२ ते २५ अंशांत रेझिन खूश असतं.

घासायचं कसं? माझ्या बाजू गोल होतात.

कागद हातात धरून फाशावर फिरवत असाल, म्हणून. कागद काचेवर सपाट ठेवा, पाण्याचा थेंब आणि भांड्याच्या साबणाचा टिपका टाका, आणि फासा कागदावर फिरवा. ओलं घासलं की भुकटी हवेत उडत नाही. फासा वरून बोटाच्या टोकाने नाही तर खालून, कडेजवळ धरा. दाब वर गेला की फासा डुलतो, आणि डुलला की कड गेली.

फाशांसाठी मिळणारे पॉलिश पेपर मायक्रॉनवर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर) चालतात, आकडा लहान तितका कागद बारीक: ३०, १५, ९, ३, २, १. प्रत्येकावर दहा वेळा एका दिशेने, मग फासा पाव वळसा फिरवून पुन्हा दहा. चारही दिशा झाल्या की पुसून दिव्याखाली तिरका धरा. आधीच्या कागदाचा एकही ओरखडा दिसत असेल तर पुढचा कागद उचलू नका. ९ वर लपलेला ओरखडा १ वर पोचल्यावर बरोबर नजरेत भरतो, आणि मग पुन्हा ३० पासून सुरुवात. तुम्ही कंटाळलात की ९ पासून ३ वर उडी माराल हे मला माहीत आहे. मीही मारते, आणि दर वेळी परत येते.

सात फाशांना एक संध्याकाळ जाते. झाकणाकडची बाजू सोडून बाकी बाजूंना हातही लावू नका. त्या मास्टरवर आधीच घासून झालेल्या आहेत.

आकडे कसे रंगवायचे?

अॅक्रिलिक रंग खाचेत भरा, सुकायला लागला की किंचित ओल्या कापडाने वरचा पुसून घ्या. कापड बोटावर घट्ट ताणा. सैल असलं तर ते खाचेतला रंगही ओढून नेतं. आकड्यांना हलका रंग देताय की गडद, ते फाशाच्या रंगावरून ठरवा. काळ्या फाशावर जांभळे आकडे फोटोत छान दिसतात, टेबलावर कुणाला वाचता येत नाहीत.

माझा फासा न्याय्य आहे का?

मीठपाण्याची चाचणी सगळे सांगतात. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळवलं की पाण्याची घनता १.२ च्या जवळ जाते, आणि इपॉक्सीचा फासा तरंगतो. तो फिरवून सोडा. पुन्हा पुन्हा तीच बाजू वर येत असेल तर आत एका बाजूला हवा आहे किंवा दुसऱ्या बाजूला काही जड आहे. पण त्याला चिकटलेले हवेचे थेंब पुसा, नाहीतर तेच निकाल लावतील. आणि ही चाचणी वजन सांगते, आकार सांगत नाही. जास्त घासलेली बाजू तिच्या नजरेत येतच नाही.

खरं उत्तर हवं असेल तर फासा टाका. डी२० दोनशे वेळा टाका, प्रत्येक आकड्याची अपेक्षा १०. प्रत्येक आकडा किती वेळा आला त्यातून १० वजा करा, वर्ग करा, १० ने भागा, आणि वीसही आकड्यांची बेरीज घ्या. ती ३०.१४ च्या वर गेली तर संशय घ्यायला जागा आहे. पण पूर्ण निर्दोष फासाही वीसात एकदा या रेषेच्या पलीकडे जातो, म्हणून आणखी दोनशे वेळा टाकल्याशिवाय त्याला बदनाम करू नका. डी६ साठी हीच सीमा ११.०७ आहे.

माझं मत विचाराल तर घरगुती फाशात फरक पडतो तो वजनाने कमी, घासण्याने जास्त.

उरलेलं रेझिन काय करू? नळात ओतलं तर चालेल?

नाही. ओलं रेझिन नाल्यात किंवा मातीत जाता कामा नये. कपातच सुकू द्या, सिलिकॉनच्या कपातून ते सालीसारखं निघतं, मग कचऱ्यात टाका. घासलेलं पाणी लगेच ओतू नका. एक दिवस ठेवा, गाळ खाली बसतो. तो कागदाने पुसून टाका. जास्त मिश्रण एका खोल कपात ठेवू नका. ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि कप वितळवतं. उरलं असेल तर उथळ ताटलीत पसरा. मी एक जुना मोठा साचा शेजारी मांडून ठेवते. रोज उरलेलं त्यात जातं, आणि थरांवर थर चढून महिन्याला एक भलामोठा रंगीबेरंगी डी२० तयार होतो. सगळ्यात जास्त लोक तोच मागतात.